रस्त्याकडेचं गवत वेळेत काढा, वणवा डोंगरावर चढणार नाही

दिवाळी झाली की सह्याद्रीच्या उतारावरचं गवत पिवळं पडायला लागतं. फेब्रुवारीत ते इतकं वाळतं की एक विडीचं थोटूकही पुरतं. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. पण रस्त्याची कड साफ करायचं काम त्याच्या आधीचं आहे, आणि तिथेच बहुतेक गावं उशीर करतात.

आपल्याकडे वणवा आपोआप लागत नाही, जवळपास प्रत्येक वेळी माणसाकडूनच लागतो. कुणी चालत्या गाडीतून सिगारेट टाकतो, कुणी वळणावर चूल मांडून चहा करतो, कुणी बांध पेटवून जेवायला घरी जातो. मावळात आणि कोकणात भाताचा राब भाजतानाही ठिणगी उडते. यातल्या बऱ्याच आगी रस्त्याच्या कडेला सुरू होतात. कडेला पेटायला काही नसेल तर त्या तिथेच विझतात.

घाटरस्त्याला दोन कडा असतात आणि दोन्हींचं काम वेगळं. आग चढाला जोरात पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. म्हणून रस्त्यावर टाकलेल्या थोटकाचा धोका डोंगराकडच्या कडेला जास्त. खालच्या शेतातून वर येणारा वणवा मात्र दरीकडची कड साफ असेल तर रस्त्यावर अडतो. मग डांबरी रस्ताच जाळरेषा होतो. एकच बाजू साफ करून फोटो काढला तर निम्मंच काम झालं.

गवत कापायची खरी वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा ते वैरणीला चालतं. कुसळ धरल्यावर जनावर तोंड लावत नाही. कमरेएवढ्या गवताची ज्वाळा गवतापेक्षा बरीच उंच जाते, त्यामुळे हातभर पट्टी काढून भागत नाही. सगळ्यात मोठी चूक मात्र कापल्यानंतर होते. गवत कापून तिथेच पसरून ठेवतात. आठ दिवसांत ते कडकडीत वाळतं आणि उभ्या गवतापेक्षाही लवकर पेट घेतं. कापलेलं उचलून गंजीला न्या, आणि गंजी रस्त्यापासून लांब रचा. राहिलेला पालापाचोळा दंताळ्याने ओढून घ्या. जानेवारीनंतर पुन्हा पानं गळतात, तेव्हा आणखी एक फेरी लागते.

घाणेरी आणि रानमोडीची झुडपं मुळासकट काढावीत. नुसती छाटली तर पावसाळ्यात दुप्पट फुटतात. मोठ्या झाडांना हात लावू नका. त्यासाठी 1964 चा झाडतोडीचा कायदा आहे आणि परवानगी लागते.

जाळरेषेवरचं गवत जाळायचं काम वन विभागाचे कर्मचारी करतात. वारा पडलेला बघून, माणसं उभी करून, हंगामाच्या आधी. गावकऱ्यांनी ते स्वतःहून करू नये. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम 79 प्रमाणे जंगलात चराई-लाकूडफाट्याचे हक्क असणाऱ्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. हे कलम फारसं कुणाला माहीत नसतं.

काम कुणाचं, यावरच बऱ्याचदा घोडं अडतं. रस्ता बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा, वरचा डोंगर वन विभागाचा, मधलं मालकीचं रान कुणाचं तरी. ग्रामसभेत ऑक्टोबरमध्येच ठराव करून तिघांनाही पत्र दिलं आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीला सोबत घेतलं तर टोलवाटोलवी कमी होते.

धूर दिसला तर वन विभागाच्या 1926 या टोल फ्री नंबरवर फोन करा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे मोबाईलवर पाठवते, नाव नोंदवलं तर कुणालाही मिळतात. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. दुपारी तीनला पेटलेला बांध त्याला दिसेपर्यंत रात्र होऊ शकते. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला तो लगेच दिसतो.