मेगाहर्ट्‌झचा आकडा कोठून येत असे?

1990 च्या आसपास औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे जुळवलेले संगणक मिळत, त्यांच्या पेटीवर बहुधा दोन चमकते अंक असत. ‘टर्बो’ बटण दाबले की आकडा, उदाहरणार्थ, 08 वरून 33 वर जाई. हाच प्रोसेसरचा वेग, असे सारे धरून चालत. खरे तर त्या अंकांना प्रोसेसरचे काहीच कळत नसे! कोणती रेघ केव्हा पेटावी हे मागच्या बारीक जंपरांनी ठरे, आणि ते संगणक जुळवणारा हाताने बसवी. बटणाने वेग खरोखर बदले; आकडा मात्र आधीच लिहून ठेवलेला असे. म्हणून कपाटातून काढलेल्या जुन्या संगणकावर भलताच वेग दिसला, तर आधी जंपर पाहावेत.

मग वेग मोजायचा कसा? त्यासाठी दुसरे घड्याळ हवे. आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये आणलेल्या पीसीत 14.31818 मेगाहर्ट्‌झचा एकच स्फटिक होता. त्याला 3 ने भागून प्रोसेसरला 4.77 मेगाहर्ट्‌झ आणि 12 ने भागून वेळमापकाला 1.19 मेगाहर्ट्‌झ मिळत. वेळमापक 65,536 स्पंदने मोजून एक ठोका देई, म्हणजे दर 55 मिलिसेकंदांनी एक. एका ठोक्यात प्रोसेसर किती फेरे मारतो ते मोजले की वेग कळावा. पण येथे दोन्ही घड्याळे एकाच स्फटिकावर चालत! वेगवान स्फटिक बसवला तरी गुणोत्तर 4 च राहणार. संगणकातली वेळ तेवढी मनगटी घड्याळाच्या पुढे पळणार.

कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळ पाटण लागते. भास्कराचार्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख तेथे आहे. लीलावतीची दंतकथा शिक्षकांना ठाऊकच आहे: घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजले, मुहूर्त टळला. तेथेही पडताळ्याला दुसरे घड्याळ नव्हते.

1984 च्या ‘एटी’त प्रोसेसरचा स्फटिक वेगळा झाला आणि फेरे मोजणे अर्थपूर्ण ठरले. तरी ‘लँडमार्क’ नावाचा चाचणी-प्रोग्रॅम 33 मेगाहर्ट्‌झच्या 386 वर बराच मोठा आकडा दाखवी. त्याचे उत्तर निराळ्याच प्रश्नाचे होते: एवढे काम करायला ‘एटी’ किती मेगाहर्ट्‌झवर चालवावा लागेल?

सर्वांत गमतीदार फजिती टर्बो पास्कलची. त्याचे ‘सीआरटी’ युनिट सुरू होतानाच एका ठोक्यातले फेरे मोजून त्यांना 55 ने भागी. उत्तर 65,535 च्या आत राहील, हे गृहीत होते. सुमारे 200 मेगाहर्ट्‌झचे प्रोसेसर आले तेव्हा ते फसले. उत्तर 16 बिटांत मावेना, आणि पडद्यावर ‘रनटाइम एरर 200: शून्याने भागाकार’ असा संदेश येऊ लागला. शून्य तर कोठेच नव्हते! प्रोसेसर 8086 च्या काळापासून उत्तर न मावण्याची तक्रार त्याच खुणेने करत आला होता.

वर्गात करण्याजोगा प्रयोग सोपा आहे. बेसिकमध्ये लाखभर फेऱ्यांचे रिकामे आवर्तन लिहावे, मनगटी घड्याळ लावून वेळ घ्यावी, मग टर्बो बंद करून पुन्हा घ्यावी. टर्बो चालू असूनही यंत्र रेंगाळत असेल, तर मदरबोर्डवरची बॅटरी तपासावी. ती संपली की सेटिंग पुसले जाते, कधीकधी कॅशे बंद राहतो, आणि मेगाहर्ट्‌झ तेवढेच असूनही काम मंदावते.