उंदीर पडला!

प्लेगच्या दिवसांत पुण्यातल्या वाड्यात 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द कानावर आले, की बिछाने-भांडी बांधायला सुरुवात होई आणि बिऱ्हाड गावाबाहेरच्या झोपडीकडे निघे. पडला म्हणजे आढ्यावरून खाली आला असे नव्हे, मेला. लढाईत माणूस पडतो, तसा उंदीर पडे. 'मेला' म्हटले तर एकाची गोष्ट संपली. 'पडला' म्हटले की त्याच्यामागून आणखी पडणार, हे धरलेलेच असे.

उंदीर हा संस्कृत 'उंदुर'चा वंशज. 'मूषक' मात्र 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूवरून आला. धान्य चोरणाऱ्याला अगदी शोभणारे नाव. घुशीच्या नावाने तर समुद्र ओलांडला. तेलुगूत ती 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर. इंग्रजांनी त्याचे 'बँडिकूट' केले आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका पिशवीवाल्या प्राण्याला तेच नाव देऊन टाकले. त्या बिचाऱ्याचे घुशीशी काही नाते नाही.

नाव गेले, तसा उंदीरही गेला. काळा उंदीर मूळचा आपल्या उपखंडातला. धान्याच्या पोत्यांबरोबर तो जहाजांत चढला आणि जगभर पोचला. दूरच्या बेटांवर त्याने पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त केली. तिथे त्याला आक्रमक परका म्हणतात. रोगही असाच परका असू शकतो: बाहेरच्या कारणाने झालेल्या रोगाला आयुर्वेदात 'आगंतु' असा शब्द आहे. प्लेग आपल्याकडे शब्दशः आगंतुक होता. 1894 साली तो हाँगकाँगमध्ये होता, 1896 साली मुंबईच्या मांडवीत उतरला आणि तिथून पुण्यात आला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी त्यालाच बळी पडल्या. झडत्यांनी गांजलेल्या पुण्यात 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली.

लोक प्लेगला गाठीचा रोग म्हणत. वैद्यांनी 'ग्रंथिक सन्निपात' म्हटले. दोन्ही नावांत माणसाच्या जांघेतली, काखेतली गाठ आहे; उंदीर नाही, पिसूही नाही. पिसूकडे बोट दाखवले ते 1898 साली कराचीत, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी. उंदराचे अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडतात. जंतूंनी पिसूच्या पोटाचे तोंड बुजते, रक्त पोटात उतरत नाही. मग ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू ओकते.

अशा जिवासाठी ग्रीकमधून जे नाव आले, त्याचा मूळ अर्थ दुसऱ्याच्या पानावर जेवणारा. इंग्रजीतला 'पॅरासाइट' तोच. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ 'परान्नभोजी'. शास्त्राने मात्र परजीवी, परोपजीवी, जीवोपजीवी असे भारदस्त शब्द निवडले. बोलीला त्यांची गरज पडली नाही. झाडावर बांडगूळ, गुरावर गोचीड, डोक्यात ऊ; आणि माणसांतल्यांसाठी आयतोबा.

गोचिडाची गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे. कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. 1957 साली त्या तापाचा विषाणू शोधला तो पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राने; आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. ताप पसरवतो जंगलातला गोचीड. 2016 साली हा ताप सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला, तेव्हा मराठीत त्याचे नाव रुळले 'माकडताप'. म्हणजे माणसाआधी जे मरते, त्याच्याच नावावर रोग चढला आणि चावणारा नामानिराळा राहिला.

म्हणून मला 'ग्रंथिक सन्निपात' आणि 'माकडताप' या दोहोंपेक्षा 'उंदीर पडला' हे साधे वाक्य थोर वाटते. ते कुणावर आळ घेत नाही; जनावर मेले आहे, आता सावध व्हा, एवढेच सांगते. पिसूचा शोध लागण्याआधीच त्या वाक्याने माणसांना घराबाहेर काढले. दोडामार्गाच्या रानात काजू वेचताना मेलेले माकड दिसले, तर तिथेही तेच करावे. हात लावू नये, जवळ थांबू नये आणि आरोग्य केंद्रात जाऊन तेवढेच सांगावे: माकड पडलंय.