पोपटांचे आवाज : सह्याद्रीतील जाती

सह्याद्रीत आणि त्याच्या पायथ्याच्या मुलखात पोपटांच्या पाच जाती राहतात. कीर, राजपोपट, तोई पोपट आणि निळपंखी पोपट हे चार लांब शेपटीचे, एकमेकांच्या जवळच्या नात्यातले. चिमणीएवढा, भुंड्या शेपटीचा पिचू पोपट वेगळ्या प्रजातीतला. बहुतेक हिरवे आणि सगळेच वेगाने उडणारे. त्यामुळे गर्द रानात त्यांची ओळख कानांवर सोपवलेली बरी.

गावशहरांत सर्रास ऐकू येतो तो कीराचा कर्कश ‘कीऽक, कीऽक’. राजपोपटाची हाक त्याच वळणाची, पण खर्जातली आणि घोगरी. शरीर मोठे, म्हणून आवाज जाड. तोई पोपटाचा थवा डोक्यावरून बाणासारखा जातो तेव्हा कानी पडते ती शेवटी वर चढणारी, गोड ‘टुई? टुई?’. पाचांत हीच सर्वांत सुरेल. केवळ पश्चिम घाटात सापडणारा निळपंखी पोपट आकाराने तोईपेक्षा थोडाच मोठा, तरी त्याची हाक कर्कश आणि भराभर येणारी. दोघे एकाच रानात असले, तरी थवा दिसण्याआधीच फरक कळतो. पिचू पोपट उडताना बारीक, धारदार ‘ची-ची-ची’ करत राहतो. फांदीला उलटा लटकून झोपणारा हा पक्षी बहुधा याच आवाजाने सापडतो.

पोपटांचे स्वरयंत्र श्वासनलिका दुभंगते तिथे असते आणि मांसल जिभेच्या हालचालीने आवाजाला वळण मिळते. मात्र हाकेचा घाट केवळ शरीररचनेने ठरत नाही. पोपट आवाज शिकतात. व्हेनेझुएलातील एका छोट्या पोपटाची पिल्ले स्वतःची खास हाक आईबापांच्या हाकेवरून घडवतात, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. कोस्टारिकातील पिवळ्या मानेच्या अ‍ॅमेझॉन पोपटांत तर एकाच जातीत प्रदेशागणिक बोली बदलते.

पाळलेला पोपट ‘विठू विठू’ म्हणतो तो याच शक्तीच्या बळावर. ढोलीतून काढलेल्या पिल्लाला आपल्या थव्याची हाक शिकवायला कोणी उरत नाही, म्हणून ते माणसाचे शब्द उचलते. हे नुकसान कौतुकाच्या भरात आपल्या ध्यानात येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतातील रानपोपट पकडणे, विकणे वा पाळणे गुन्हा आहे.