कोळंबीखाद्यातील औषधी वनस्पती

कोळंबीला रोगांपासून वाचवण्यासाठी तिच्या खाद्यात मिसळले जाणारे वनस्पतींचे अर्क किंवा चूर्ण. माशांच्या शरीरात होतात तशी प्रतिपिंडे कोळंबीच्या शरीरात तयार होत नाहीत; तिची मुख्य भिस्त रक्तपेशींवर. या पेशींना चेतवण्यासाठी संशोधकांनी गुळवेल, बेल, माका तपासले.

सर्वांत लक्षवेधी ठरली हरळी. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडचे ऊस उत्पादक शेतकरी शेतातून खणून काढतात, तीच ही चिवट हरळी! १९९० च्या दशकापासून कोळंबीशेतीत थैमान घालणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूजन्य रोगाविरुद्ध तमिळनाडूत तिचे प्रयोग झाले. खाद्यात २ टक्के अर्क घेतलेली टायगर कोळंबी विषाणूसंसर्गातूनही वाचली.

हे यश निमखाऱ्या पाण्यातल्या जातीचे, तेही प्रयोगशाळेतले. शिरूर-दौंड भागातले घोड धरण आणि उजनी धरणाचा फुगवटा मात्र गोड्या पाण्याचे. तिथल्या कोळंबीला हे प्रमाण जसेच्या तसे लावू नये.