पूर्वजांचा प्रश्न आणि यंत्राची भाषा

बाप, आजा, पणजा, खापरपणजा. वंशावळ सांगताना येथवर नावे पुरतात. त्यापलीकडे आपण एकच शब्द वापरतो, पूर्वज. तो किती पिढ्यांचा, हे कोणी विचारीत नाही. संगणकाला हा एक शब्द शिकविण्यात मात्र विद्वानांची कित्येक वर्षे गेली. त्या इतिहासाकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

१९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडून, तक्त्यास तक्ता जोडून उत्तरे काढण्याची पद्धत सुचविली. बाप आणि मूल अशा जोड्यांचा तक्ता घ्या. तो स्वतःशीच एकदा जोडला की आजा मिळतो, दोनदा जोडला की पणजा. परंतु किती वेळा जोडायचे, हे प्रश्नातच लिहावे लागते. दहा वेळा लिहिले, तर बारावी पिढी निसटते! १९७९ साली आल्फ्रेड एहो आणि जेफ्री उलमन यांनी सिद्ध केले की, ही उणीव विचारणाऱ्याच्या कौशल्याची नव्हे. कॉड यांच्या जोडणीच्या बीजगणितात 'सर्व पूर्वज' हा प्रश्न मांडताच येत नाही. दोष माणसाचा की साधनाचा, याचा असा निर्णायक निवाडा क्वचितच होतो.

१९८७ मध्ये इसाबेल क्रूझ, आल्बेर्तो मेंडेलझॉन आणि पीटर वुड यांनी माहितीकडे बिंदूंचे व रेषांचे जाळे म्हणून पाहिले, आणि 'ही रेषा हवी तितक्या वेळा' असे एका खुणेने म्हणू देणारी भाषा रचली. तक्त्यांच्या एस.क्यू.एल. भाषेच्या प्रमाणात अशी सोय यावयास १९९९ साल उजाडले.

पण सामर्थ्य फुकट मिळत नाही. वाट आहे काय, हे यंत्र चटकन सांगते. वाटा किती, हे मोजू लागले की ते बुडालेच. स्पार्कल या भाषेच्या नव्या आवृत्तीच्या मसुद्यात अशी मोजणी होती. २०१२ साली आरेनास, कोंका आणि पेरेस या चिलीतील संशोधकांनी दाखविले की, मूठभर नोंदींवरही तो आकडा कल्पनेबाहेर जातो. २०१३ मध्ये प्रमाण ठरले, तेव्हा अमर्याद वाटांची मोजणी गळली होती. 'वाट आहे की नाही' एवढेच उरले. माघारच ही, पण शहाणपणाची, असे आमचे मत आहे.

एप्रिल २०२४ मध्ये जाळ्यांच्या माहितीसाठी जी.क्यू.एल. ही भाषा आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तीत 'हवी तितकी पावले' म्हणणाऱ्याला आधी सांगावे लागते : सर्वांत जवळची वाट हवी, की एकही रेषा दोनदा न तुडविणारी.