गोधडी, अनारसे आणि परदेशी पार्सल

पार्सलच्या नियमांवर व्याख्यान म्हटल्यावर एवढी माणसं येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण बहुधा तुमच्यापैकी प्रत्येकाचं कुणीतरी बाहेर असणार. म्हणजे विषय तुमच्या घरचाच झाला.

आमच्याही घरातूनच सुरुवात करतो. आमच्या नात्यातल्या एका आजींनी आखातात राहणाऱ्या पणतवंडासाठी गोधडी शिवली. वर स्वतःची दोन नऊवारी लुगडी, आत जुनी धोतरं. सोबत अनारशांचा डबा. आम्ही दोन्ही घेऊन पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, ‘कापड नवं की वापरलेलं?’ आम्ही म्हटलं, ‘बाई, गोधडी कधी नव्या कापडाची असते का?’ त्या म्हणाल्या, ‘मग त्या देशाची यादी बघावी लागेल.’ पुढचा प्रश्न, ‘अनारशांना खसखस लावलीय?’ आता अनारशाला खसखस नाही लावायची तर काय लावायचं! आम्ही तणतणत सगळं परत घरी आणलं. राग ओसरल्यावर वाटलं, हे दोन प्रश्न त्या बाईंनी काही मनाने काढलेले नाहीत. ते त्यांच्या खिडकीपर्यंत पोचले कसे? हे शोधताना आम्हाला जे सापडलं, ते आज मांडतो आहोत.

पहिल्यांदा एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पत्र आणि पार्सल या पोस्टाच्या दृष्टीने दोन वेगळ्या जाती आहेत. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी टपालाचा करार केला. त्यामागे जर्मन टपाल खात्याचे प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांचा मोठा पुढाकार होता. त्याआधी पत्र तीन देशांतून जाणार असेल तर तिघांचे दर वेगळे, तिघांचे हिशेब वेगळे. करारात या साऱ्या देशांचा मिळून एकच टपाल-प्रदेश मानला गेला आणि एकाने दुसऱ्याची टपाल अडवायची नाही असं ठरलं. हिंदुस्थान त्यात १८७६ साली सामील झाला. पुढे याच संघाला जागतिक टपाल संघ असं नाव मिळालं.

पण हे सगळं पत्रांसाठी, छापील कागदांसाठी. पार्सलचं काय? त्याला १८८० साल उजाडावं लागलं. पॅरिसमध्ये स्वतंत्र करार झाला, ज्याला हवा त्याने सामील व्हावं असा, आणि वजनाची मर्यादा किती, तर ३ किलो! ब्रिटनची तर पंचाईतच होती. पत्रांच्या बाबतीत जगाला शहाणपण शिकवणाऱ्या त्या देशात घरच्या घरी पार्सल नेणारी टपाल नव्हती, कारण तो धंदा रेल्वे कंपन्यांचा. शेवटी १ ऑगस्ट १८८३ ला त्यांची पार्सल-टपाल सुरू झाली, तीही रेल्वेने जाणाऱ्या पार्सलच्या टपालखर्चातले शंभरातले ५५ त्या कंपन्यांना देऊन. आपल्याकडे मात्र कंपनी सरकारच्या काळापासून बांगी डाक होती. खांद्यावर कावड घेऊन माणसं पार्सलं वाहत असत. त्या एका गोष्टीत आपण विलायतेच्या पुढे होतो, हे सांगायला आम्हाला बरं वाटतं.

सहा वर्षं उशीर का झाला? पत्रात मजकूर असतो आणि पार्सलात माल. माल म्हटला की जकात आली, आणि जकात म्हटली की आत काय आहे ते बघणं आलं. म्हणजे पत्राला जी मोकळी वाट मिळाली ती पार्सलला कधीच मिळाली नाही. पार्सलसोबत आत काय आहे याचं घोषणापत्र लागतं. आज आपण सीएन २२ किंवा सीएन २३ भरतो ते हेच. आणि दार एकदा उघडायचं ठरल्यावर जकातवाल्याच्या मागोमाग आरोग्यवाला आला, शेतीवाला आला, पोलीसही आला.

आता गोधडीकडे येऊ. सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. डॉक्टर मूळचे गोव्याचे. पुढे काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. घरांच्या झडत्या, छावण्या, १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा, पुण्यातला रँडचा वध. पण याच काळात युरोपात काय चाललं होतं, हे आपल्याकडे कमी सांगितलं जातं. मुंबई हे सुएझवरून युरोपला जोडलेलं बंदर. तिथली साथ बोटीतून आपल्या दारी येईल या धास्तीने युरोपातली राष्ट्रं व्हेनिसला जमली आणि मार्च १८९७ मध्ये प्लेगसाठी करार झाला. कुठल्या मालापासून धोका आहे याची यादी केली गेली. तिच्यात काय होतं? अंगावर वापरलेले कपडे, वापरलेली अंथरुणं-पांघरुणं, चिंध्या, जुनी पोती, कच्ची कातडी. मंडळी, वापरलेलं कापड, चिंध्या आणि पांघरूण या तिन्हींची मिळून एक वस्तू करायची म्हटलं तर ती काय होईल? गोधडीच की!

त्या काळातल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य-करारांत एक कलम आढळतं. पत्रं, छापील मजकूर, पुस्तकं, वर्तमानपत्रं, व्यापारी कागद यांवर निर्बंध घालायचे नाहीत, त्यांना धुरी द्यायची नाही. आणि पुढे कंसात दोन-तीन शब्द: पोस्टाची पार्सलं यात धरू नयेत. प्लेगच्या गावातून आलेलं पत्र निर्दोष आणि त्याच गावातून आलेलं पार्सल संशयित!

यात शास्त्र किती होतं? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे १८९७ मध्ये कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. १८९८ साली पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, उंदरावरच्या पिसवेचा प्रयोग केला. त्यावर लोकांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे कपड्यांची यादी आधी झाली आणि कारण मागाहून कळलं. पिसू कापडातून जाऊ शकते, तेव्हा ती भीती अगदीच पोकळ होती असं आम्ही म्हणणार नाही. पण दोष कापडाचा नव्हता. आपल्या लोकांच्या घरात शिरून चिंध्या, गाद्या, भांडीकुंडी जाळणारे लोकही तोच अर्धवट समज घेऊन आले होते. सरहद्दीवरचा नियम आणि पुण्यातल्या वाड्यातली झडती ही एकाच विचाराची दोन टोकं होती, असं आमचं मत आहे.

प्लेगची ती साथ गेली, करार बदलले. तरी आजही जगातल्या बऱ्याच देशांच्या यादीत वापरलेले कपडे एक तर बंद आहेत किंवा निर्जंतुक केल्याचा दाखला मागतात. आता त्यात नवीन कारणंही मिसळली आहेत, जुन्या कपड्यांच्या व्यापारापासून स्वतःच्या कापडधंद्याला वाचवण्याचीसुद्धा. यादीतली ओळ तीच राहते आणि तिच्यामागचं कारण बदलत जातं, हे आम्हाला वारंवार दिसलं.

अनारशाची गोष्ट वेगळी. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, हे आपल्या शहराच्या श्रीमंतीतलं एक न बोललं जाणारं प्रकरण. जानेवारी १९१२ मध्ये हेग येथे अफूचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात पोस्टाचा उल्लेख आहे! तेव्हा चीनमध्ये परकीय सत्तांची स्वतःची पोस्ट ऑफिसं होती, आणि त्यांनी आपल्या पार्सलांतून अफू, मॉर्फिन, कोकेन चीनमध्ये बेकायदा जाऊ देऊ नये असं एक कलम घातलं गेलं. थोडक्यात, बोटीतल्या पेट्यांवर लक्ष ठेवलं की माल छोट्या पुडक्यांत शिरतो, हे त्यांना उमगलं होतं. अमली पदार्थ पुढे टपालाच्या निषिद्ध यादीत कायमचे बसले. खसखस हे त्याच झाडाचं बी. नशा त्यात जवळजवळ नसते, पण संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर इथे ते चालत नाही. पोस्टातल्या बाईंचा दुसरा प्रश्न हा असा माळव्यातून हेगमार्गे आलेला आहे.

शेतीवाल्याची हकीकत थोडक्यात सांगतो, नाहीतर वेळ पुरणार नाही. अमेरिकेत कापसाच्या बोंडातल्या सोंडकिड्याने धुमाकूळ घातला होता. तो इकडे येऊ नये म्हणून १९०६ साली बाहेरून येणाऱ्या कापसाला धुरी सक्तीची झाली, आणि १९१४ मध्ये विनाशकारी किडींचा कायदा आला. म्हणजे १८९७ मध्ये आपल्या कापडाला लोक घाबरले आणि दहा वर्षांच्या आत आपण त्यांच्या कापसाला घाबरलो. ऑस्ट्रेलियावाले दिवाळीच्या सुमारास दुधाच्या मिठाया पाठवू नका असं बजावतात, तेव्हा आपण हे आठवावं.

आणि पोलीस? पत्राला मोकळी वाट होती असं आम्ही मघाशी म्हटलं, ते इथे जरा दुरुस्त करायला हवं. १८७८ च्या सागरी जकात कायद्यात कोणत्याही मालाची आयात बंद करण्याचा अधिकार सरकारला होता. १९०७ मध्ये तो वापरला गेला श्यामजी कृष्णवर्मांच्या ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ या लंडनच्या मासिकाविरुद्ध. कागदावरचा विचार हाही मालच ठरला. १९०९ मध्ये सावरकरांच्या सत्तावन्नच्या इतिहासावर तो छापून होण्याआधीच बंदी आली, आणि मग त्याच्या प्रती दुसऱ्याच पुस्तकांची वेष्टनं लावून देशात आल्या. मंडळी, पार्सलवर आत काय आहे ते खोटं लिहिणं हा आज गुन्हा आहे आणि तेव्हाही होता. तरी आपण हा प्रसंग अभिमानानेच सांगतो.

अलीकडचं बघा. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ एक मालवाहू विमान आग लागून कोसळलं, दोघे वैमानिक गेले. विमानात लिथियमच्या बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. पुढल्याच महिन्यात येमेनहून निघालेल्या पार्सलांत प्रिंटरच्या काडतुसात दडवलेले बॉम्ब सापडले. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक परदेशी टपालात का घेत नाहीत, पार्सलची माहिती ते पोचण्याआधी संगणकावरून का पाठवावी लागते, यांची उत्तरं बऱ्याच अंशी त्या दोन महिन्यांत आहेत. जागतिक टपाल संघाच्या नियमाप्रमाणे ही आगाऊ माहिती २०२१ पासून सक्तीची झाली. निदान या नियमांची कारणं तरी आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहेत.

आता घोषणापत्रातला किमतीचा रकाना. अमेरिकेने १९३८ मध्ये ठरवलं की अगदी किरकोळ किमतीच्या वस्तूंवर जकात घेऊ नये, कारण ती गोळा करायलाच जास्त खर्च येतो. ती मर्यादा वाढत वाढत २०१६ मध्ये ८०० डॉलरवर गेली. ऑगस्ट २०२५ अखेर ती सवलत सगळ्याच देशांसाठी थांबवली गेली. जकात नक्की कुणी गोळा करायची आणि कशी भरायची हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी अगदी तोंडावर आलेली असताना, आणि जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के जकात इथेच आगाऊ भरायच्या अटीवर. त्या सात-आठ आठवड्यांत कितीतरी घरांत फराळाचे बेत बदलले असतील. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी तर चकलीची भाजणी दळून आणली आणि तशीच ठेवून दिली.

आमच्या गोधडीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. ती शेवटी तिकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या मुलाच्या बॅगेतून गेली. अनारसे आम्हीच खाल्ले. आजींनी नंतर सुचवलं की पुढच्या वेळी खसखस न लावता तीळ लावू. पुन्हा त्या खिडकीवर गेलो तेव्हा बाईंना आम्ही प्लेगची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ‘किमतीचा रकाना रिकामा राहिलाय, तो भरा.’

काही प्रश्न असतील तर विचारा.