मामाची कार चालवताना अपघात झाला, तर विमा कोणाला?

सुट्टीत गावी आलात, मामाची कार घेऊन चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला निघालात आणि जंगलात रोही आडवी आली. खर्च कोण देणार? आपल्याकडे वाहनविमा चालकाचा नव्हे, गाडीचा असतो. वैध लायसन्स असेल तर भाचा चालवत असतानाही तो लागू होतो. पण पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल, तर दुरुस्ती घरच्यांच्याच खिशातून. कॉम्प्रिहेन्सिव्ह असली तरी क्लेम केल्यावर मामाचा नो क्लेम बोनस जातो, हे आधी बोललेलं बरं.

खरी मेख पुढे आहे. 15 लाखांचं अपघाती संरक्षण मालकाचं, भाच्याचं नाही. गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये निंगम्मा प्रकरणात म्हटलं आहे. त्यामुळे स्वतःची वेगळी अपघात विमा पॉलिसी हवी.